गळाला काय लावावे?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'गळाला काय लावावे?' एवढेच लिहून पाठविले. त्यावर त्यांचा निरोप आला की, कागद चुकून दुसऱ्या कोणाचा तर आला नाही ना? त्यांचा काही दोष नाही. गेली तीस वर्षे आम्ही जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत वीटभट्टीवर जाणाऱ्या, रस्त्यावर खडी फोडणाऱ्या, जंगलात खड्डे खणणाऱ्या माणसांची संघटना बांधण्याचे काम करीत आलो आहोत. आम्ही व्यासपीठावर चढलो की मजुरी, हजेरीपट आणि मोर्चा यांखेरीज दुसरे काही निघणार नाही, अशी लोकांची खात्री असते. आज आम्ही माशांविषयी बोलणार आहोत. मजुरीचा प्रश्न त्यात येईलच. आमच्या तोंडून तो कुठेही येतो. पण आज तो माशाच्या मागून येईल, पुढून नाही.

विद्वत्तेचा अधिकार आम्हांला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचे वडील ठाण्याकडच्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, बिऱ्हाड मोखाड्याकडे गावी परतले, आणि सातवीत आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण दोन ठिकाणी झाले: एक वाचनालयात आणि दुसरे नदीच्या काठी. आमच्याकडे आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागतो. नागली संपते, वरई संपते, नवे पीक अजून शेतात उभे असते. त्या दोन महिन्यांत आमच्या घरी जे कालवण शिजले ते पुष्कळदा गळाचे होते. म्हणून गळाला काय लावावे हा प्रश्न आम्हांला कधी करमणुकीचा वाटला नाही. चुकीचे लावले तर रात्री नुसते तिखट-मीठ आणि भाकरी, बरोबर लावले तर कालवण, इतका तो सरळ होता.

पुढे वाचनालयात एक जुने इंग्रजी पुस्तक हाती आले. शब्दकोश शेजारी ठेवून ते आम्ही वाचले. ट्राऊट आणि सामन या थंड पाण्यातल्या दोन माशांना पकडण्यासाठी गळावर कोणती माशी लावावी, एवढ्याच विषयावर ते सबंध पुस्तक होते. ही माशी म्हणजे खरी माशी नव्हे. गळाच्या आकड्याला पिसे, केस, रेशीम आणि लोकर गुंडाळून किड्याचा केलेला तो देखावा असतो. ही युक्ती फार जुनी आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी इलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातल्या एका नदीवरच्या कोळ्यांचे वर्णन करून ठेवले आहे. तेथले मासे पाण्यावर तरंगणाऱ्या एका किड्यावर झडप घालीत. तो किडा हातात धरला की त्याचा रंग जाई आणि गळाला लावण्यास तो निरुपयोगी ठरे. तेव्हा त्या कोळ्यांनी गळाला लाल लोकर गुंडाळली, तिला कोंबड्याची दोन पिसे बांधली, आणि मासा फसला.

त्या पुस्तकातून एक गोष्ट आम्ही शिकलो, ती आजच्या भाषणाचा पाया आहे. ट्राऊट हा खाणारा मासा. त्या दिवशी त्या नदीवर जो किडा उडतो आहे, तोच तो खातो. दुसरा समोरून गेला तरी पाहत नाही. म्हणून ट्राऊटसाठी माशी निवडणारा आधी काठावर बसतो, दगड उलटून पाहतो, हवेत काय उडते आहे ते पाहतो, आणि मग पेटी उघडतो. सामनचे उलटे. तो समुद्रात वाढतो, अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो, आणि एकदा गोड्या पाण्यात वर चढू लागला म्हणजे काही खात नाही. तरीही लाल, पिवळी, चकचकीत माशी त्याच्या तोंडासमोरून नेली तर कधीकधी तो तिला झोंबतो. चिडून झोंबतो की जुन्या सवयीने, यावर तिकडचे लोक अजून वाद घालतात. भुकेल्याला त्याच्या नेहमीच्या अन्नासारखे काही दाखवावे लागते आणि भूक नसलेल्याला चकाकी दाखवावी लागते, हा यातला भेद ध्यानात ठेवावा. तो पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता कोणी म्हणेल, ही ट्राऊट काश्मीरची, तिचा आमच्या वैतरणेशी काय संबंध? ट्राऊट काश्मीरचीसुद्धा नव्हे. तिची अंडी १९०० च्या सुमारास विलायतेहून आणून तेथे सोडली गेली. आमच्या पाण्यात ती जगणार नाही. आमचे पाणी तिला कोमट. पण गळाला काय लावावे हा विचार विलायतेतून यावा लागला असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती, कोणत्या माशाला काय चारावे, काठी कशी असावी, दोरी कशाची करावी, आमिष कोणते लावावे, हे सर्व त्यात सांगितले आहे. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर निबंध लिहून शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वेधले. आमच्या मनात एवढेच येते की, राजाला हे सांगितले कोणी? राजा काही डोहाच्या काठी पहाटेपर्यंत बसला नसेल. कोणी भोई, कोणी कोळी बोलला असेल, आणि राजाच्या पंडिताने लिहून घेतले असेल.

हा आमचा नुसता तर्क नव्हे, कारण तशी एक नोंदलेली गोष्ट आहे. कर्नल साईक्स हा इंग्रज अधिकारी दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा करी. १८३९ साली त्याने त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्यातल्या एका माशाचे नाव 'खुद्री', दुसऱ्याचे 'मुल्या'. खुद्री म्हणजे आपला खडस, ज्याला इंग्रज महाशीर म्हणत. आणि मुल्या म्हणजे ओढ्याच्या दगडाला चिकटून राहणारा मळ्या. जगातल्या कोणत्याही विद्यापीठात आज या माशांचे नाव घेतले तर आपल्या भोयांच्या तोंडचा शब्द घ्यावा लागतो. ज्याने तो शब्द सांगितला, त्याचे नाव मात्र कुठे राहिले नाही.

तेव्हा आता त्या नाव नसलेल्या माणसांच्या शास्त्राकडे वळू. जव्हार-मोखाड्याचे पाणी दोन अंगांना उतरते. वाघ आणि लेंडी दमणगंगेकडे जातात, पिंजाळ वैतरणेला मिळते. पाऊस शंभर इंचांहून अधिक, आणि तरीही चैत्रात हंडाभर पाण्यासाठी बाया कोसभर चालतात. ज्या नद्या श्रावणात माणूस वाहून नेतात, त्यांचे वैशाखात डोह तेवढे उरतात. अशा नद्यांतला मासा वर्षभर एकच एक खात नाही. त्यामुळे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी या आमच्या लोकांत जो कोणी गळावर बसतो तो आधी महिना विचारतो.

मृगाचा पहिला पाऊस पडला की पाणी तांबडे होते. काठची माती वाहून येते आणि तिच्याबरोबर गांडुळे येतात. तेव्हा गांडूळच लावावे. गढूळ पाण्यात मासा डोळ्यांनी शोधीत नाही, वासाने शोधतो. म्हणून गळ झाकण्याची फारशी चिंता नको. गांडूळ ताजे आणि वळवळणारे हवे. त्याच दिवसांत संध्याकाळी वारुळांतून पंखवाली वाळवी उठते. दिव्याभोवती ती पडते तशी ती पाण्यावरही पडते, आणि लहान मासे उड्या मारून ती टिपतात. त्या अर्ध्या तासात बारीक गळाला दोन-तीन वाळवी टोचून, शिसे न बांधता, वरच्या वर सोडावी. विलायतेत पिसांची माशी तरंगवतात, ती हीच युक्ती. आम्हांला पिसे बांधावी लागत नाहीत, कारण वारूळ दाराशी असते.

आवणी आटोपली, भात गुडघ्याएवढे झाले, की बांधावर नाकतोडे उठतात. ओढ्यावर गवत झुकले असेल तेथे ते पाण्यात पडतात, आणि मासे त्याच सावलीत टपून असतात. भाद्रपदात नाकतोड्यासारखे आमिष नाही. दिवाळीपुढे पाणी निवळते. आता मासा दोरा पाहतो, गळ पाहतो, काठावर पडलेली आपली सावलीही पाहतो. तंगूस बारीक घ्यावा आणि गळ लहान घ्यावा. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान असतो, हे नव्या मुलांनी ध्यानात ठेवावे. दुकानदार सांगत नाही. तोंड सूर्याकडे करून बसावे, म्हणजे सावली मागे पडते. ओढ्यातला जिवंत झिंगा शेपटीकडून टोचून सोडावा. थंडीत मासा सुस्त होऊन खोल डोहात बसतो. तेव्हा पहाटे जाण्यात अर्थ नाही, ऊन चढल्यावर जावे. उन्हाळ्यात उलट, दिवसा पाणी तापते, म्हणून रात्री बसावे.

महिन्यानंतर माशाचे तोंड पाहावे. देवाने प्रत्येकाच्या जेवणाची पद्धत त्याच्या तोंडावरच लिहून ठेवली आहे. मळ्याचे तोंड खालच्या अंगाला असते. तो दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. त्याला गळ दाखविणे म्हणजे शाकाहाऱ्याला कालवणाचे आमंत्रण देणे. तो हाताने किंवा जाळ्यानेच धरावा. शिंगटीला मिशा आहेत. ती मिशांनी चाचपडते, रात्री फिरते, तिला वास लागतो. तिला गांडूळ किंवा कोंबडीची आतडी तळाशी ठेवावी. वाम लांब नाकाची. ती दगडांच्या फटीत आणि चिखलात असते, तिचेही गांडुळावर प्रेम. मरळाचे तोंड मोठे आणि वर वळलेले, सापासारखे. तो पाण्याच्या तोंडाशी श्वास घ्यायला येतो आणि बेडकावर झडप घालतो. बेडकी काठच्या गवतावरून पाण्यात उडी मारते आहे अशी ती सोडावी. आणि खडस! त्याचे ओठ जाड, जबड्यात दात नाहीत, पण घशात असे दात असतात की खेकड्याचे कवच त्यांनी फुटते. तो खेकडा खातो, लहान मासे खातो, आणि उंबरही खातो. काठावरच्या उंबराची पिकली फळे 'टप्' करून पाण्यात पडतात, आणि खालचा खडस तो आवाज ओळखतो. आम्ही लहानपणी खडे टाकून त्याला बोलवीत असू. दोन खडे टाकावे, तिसऱ्या वेळी गळाला लावलेले उंबर टाकावे. साहेबलोक खडसासाठी पितळेचा चमचा पाण्यातून फिरवीत नेत. चकाकत पळणाऱ्या त्या धातूला तो लहान मासा समजे. आमच्याजवळ पितळेचा चमचा पाण्यात टाकण्याइतकी श्रीमंती नव्हती, म्हणून आम्ही उंबर टाकीत असू.

तिसरी गोष्ट, आपल्या हाताचा वास. म्हातारी माणसे सांगत की, तंबाखू मळलेल्या हाताने आमिष लावू नये, आधी हात मातीने घासावे. आम्ही तरुणपणी हे हसण्यावारी नेले. त्याची गोष्ट सांगतो, कारण तेथूनच आमच्या कामाला वळण लागले.

१९९५ च्या सुमाराची ही हकीकत. दोनच वर्षांपूर्वी, १९९२-९३ साली, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात उपासमारीने आणि आजाराने बालके दगावली होती. मोठमोठ्या गाड्या त्या रस्त्याने येऊन गेल्या होत्या. आम्ही पंचविशीतले, नुकतेच कायदा वाचू लागलेलो. वैतरणेच्या खोऱ्यातल्या एका पाड्यावर संध्याकाळची सभा लावली आणि १९४८ चा किमान वेतन कायदा कलमवार समजावून सांगितला. समोर चाळीस माणसे बसली होती. अर्ध्या तासाने अकरा राहिली, आणि त्यांतली चार झोपली होती. मन खट्टू झाले. पाड्यावरच्या एका कातकरी म्हाताऱ्याबरोबर आम्ही डोहावर जाऊन बसलो. आमच्याकडे शहरातून आणलेला चकचकीत गळ आणि पावाची गोळी होती. त्याच्याकडे बांबूची काठी, मोरपिसाच्या देठाचा तरंगा, आणि पानाच्या द्रोणात लाल मुंग्यांची अंडी. त्याने नऊ मासे काढले. आमचा तरंगा हलला नाही.

आम्ही विचारले, "बाबा, पाव का चालत नाही?"

तो म्हणाला, "पाव तुला आवडतो. माशानं पाव कधी पाहिला?"

थोड्या वेळाने, आमच्याकडे न पाहता, तो म्हणाला, "मघा सभेतही तू पावच लावला होता, दादा. आमचं रस्त्याच्या कामाचं तीन महिन्यांचं पैसं अडकलंय. त्याचं कोणी बोललं असतं, तर माणूस उठलं नसतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही कायद्याचे पुस्तक पिशवीत ठेवले आणि हजेरीपटाच्या नकला मागायला गेलो. तीन महिन्यांचे पैसे मिळायला पाच महिने लागले, पण ते मिळाले. त्या पाड्यावर आमची संघटना आजही आहे. त्यानंतर आम्ही कोणत्याही पाड्यावर गेलो की पहिले दोन दिवस बोलत नाही. काठावर बसतो, दगड उलटून पाहतो.

पण बंधुभगिनींनो, या गोष्टीचा एक कच्चा दुवा आहे, तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नव्हे. मासा आणि माणूस यांची तुलना येथवर ठीक चालते, पुढे ती मोडते. आमिषाच्या आत गळ असतो. ज्याला दुसऱ्याची भूक अचूक ओळखता येते, तो त्या भुकेचे काय करतो, हा निराळा प्रश्न आहे. आमच्या भागात गळाला काय लावावे हे सर्वांत चांगले कोणाला कळते, म्हणाल, तर ते आम्हांला नव्हे आणि त्या म्हाताऱ्यालाही नव्हे. ते भट्टीवर माणसे पोचविणाऱ्या मुकादमाला कळते. तो गणपतीच्या सुमारास येतो. कणगी रिकामी, सण तोंडावर, घरात कोणी आजारी. तो महिना पाहतो, तोंड पाहतो. भुकेल्या म्हाताऱ्यापुढे तो तांदूळ ठेवतो, आणि पोराला मोबाईल दाखवतो. ट्राऊटला एक माशी, सामनला दुसरी! या पैशाला उचल म्हणतात. दिवाळीनंतर ती उचल फेडायला सबंध कुटुंब भिवंडी-वसईकडे भट्टीवर जाते, पोरांची शाळा सुटते, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा कितीकदा उचल फिटलेलीच नसते. कर्जापोटी माणूस बांधून ठेवणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. पण गळ पोटात गेल्यावर कायदा सांगून माशाला काय उपयोग? तो आमिष दिसताच आठवला पाहिजे.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना आम्ही दोन वाक्ये शिकवितो. लोकांना काय हवे ते माशाच्या शिकाऱ्याइतके बारकाईने पाहा. आणि जे द्याल त्यात गळ ठेवू नका. सभासद हो म्हणजे शिधापत्रिका काढून देतो, असे कोणाला म्हणू नका. शिधापत्रिका काढून द्या. सभासद व्हायचे की नाही, ते तो ठरवील.

आता मासे उरले तर हे शास्त्र उरेल, म्हणून शेवटी माशांकडेच येऊ.

मघाशी सामनचा उल्लेख केला. आमच्याकडे सामन नाही, पण त्याच्यासारखे वर चढणारे मासे आहेत. पहिल्या मोठ्या पावसात नदीचे पाणी शेतांतून वाहू लागते, आणि अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट, ओहोळांतून, खाचरांतून वर चढतात. यांना चढणीचे मासे म्हणतात, आणि त्या दिवसांना वलगण. सगळा पाडा कंदील, बत्त्या आणि टोपल्या घेऊन बाहेर पडतो. तेथे आमिषाची गरजच नाही. ते मासे खाण्यासाठी आलेले नसतात. ज्या रात्री मासा सर्वांत सोपा असतो, त्याच रात्री तो सर्वांत मोलाचा असतो, कारण एका मादीबरोबर हजारो अंडी टोपलीत जातात. जुनी माणसे ओहोळाला कामट्यांचा सापळा लावीत, पण एका अंगाला वाट ठेवीत. 'पुढच्या वर्षाला जाऊ दे,' असे म्हणत. आता काही ठिकाणी सबंध ओहोळ नायलॉनच्या जाळ्याने बंद केलेला आम्ही पाहिला आहे. पावसाळ्यात समुद्रावर यांत्रिक होड्या सरकार बंद ठेवते ते याच कारणासाठी. ओहोळावर तो नियम आपला आपणच पाळावयाचा आहे.

त्याहून वाईट गोष्ट विषाची. आमच्या आजोबांच्या काळीही उन्हाळ्यात डोहात गेळाची फळे किंवा रामेठ्याची साल ठेचून टाकीत, मासे गुंगत आणि वर येत. पण ते पावसापूर्वी उरलेल्या एखाद्या डबक्यात, सगळ्या पाड्याने मिळून करावयाचे काम होते. आता एकटा माणूस शेतावरच्या औषधाची बाटली ओततो किंवा जिलेटिनची कांडी फोडतो. पिल्ले मरतात, झिंगे मरतात, दगडाखालचे किडे मरतात, आणि खालच्या वळणावर तेच पाणी गुरे पितात. पाण्यात स्फोट करणे आणि विष कालविणे हा १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा ठरला होता. सव्वाशे वर्षांपूर्वीची बंदी आहे, पण आमच्या डोहावर ती अजून पोचावयाची आहे.

आणि तिसरी गोष्ट भिंतीची. वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर झाले, १९७३ साली वरचे वैतरणा धरण झाले, आणि २०१४ साली मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेची शंभर मीटरांहून उंच भिंत उभी राहिली. मुंबईला पाणी मिळाले. मुंबईत आमचीच माणसे राहतात, त्यांनी पाणी पिऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. पण अशा भिंतीवर मासा चढत नाही. स्कॉटलंडमध्ये पिटलॉक्री येथे १९५१ च्या सुमारास धरण बांधले, तेव्हा सामनसाठी शेजारी चौतीस टाक्यांची शिडी केली; मासा एका टाकीतून दुसरीत पोहत वर जातो. ते धरण ठेंगणे, ही भिंत आभाळाला टेकलेली. येथे शिडी जमणार नाही, हे आम्हांलाही कळते. पण धरणाचा आराखडा करताना खालून येणाऱ्या माशाचा विचार करावा लागतो, एवढे तरी त्यावरून समजते. आता जलाशयात कटला, रोहू आणि चिलापी आहेत, त्यांना पिठाची गोळी चालते, आणि आमची पोरे तेवढेच शिकली आहेत. खडसाला उंबर लावावे हे सांगितले तर ती विचारतात, "खडस म्हणजे कोणता?"

यावर उपाय काय? एक उपाय कागदावर आहेच. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांच्या यादीत मासे आणि पाण्यातील इतर उत्पन्न यांवरचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. आमच्या गावांनी वनहक्काचे दावे भरताना जमीन लिहिली, सरपण लिहिले, मोहफुले लिहिली. ओढा आणि डोह लिहावयाचे पुष्कळांनी विसरले. आम्हीही त्या विसरणाऱ्यांतलेच. फॉर्म भरताना आम्ही शेजारी बसलो होतो आणि आम्हांला डोह आठवला नाही. ज्या डोहाने आम्हांला सातवीनंतर पोसले, तो आठवला नाही! ही चूक आम्ही या व्यासपीठावरून कबूल करतो. हक्क लिहून घेतला म्हणजे ग्रामसभेला म्हणता येते की, या डोहात औषध टाकावयाचे नाही, पहिल्या वलगणीला ओहोळ सबंध अडवावयाचा नाही, आणि गावाचा एक डोह वर्षभर कोणी हात लावावयाचा नाही.

हे होणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी फार लांब जाऊ नये. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथे देवीच्या नावाने राखलेले मासे आहेत. आणि आमच्याच वैतरणेवर, वाडा तालुक्यात तिळसे येथे, महादेवाच्या देवळापाशी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मासे राखले आहेत. तेथे कोणी गळ टाकीत नाही. आम्ही गेल्या शिवरात्रीनंतर तेथे गेलो होतो. बरोबर आमचा नातू होता. त्याने काठावर बसून मुठीने चुरमुरे टाकले, आणि पाणी काळेभोर होईपर्यंत मासे जमले. हातभर लांबीचे मासे त्याच्या बोटांना तोंड लावीत होते. त्याने आम्हांला विचारले, "आजोबा, यांना काय आवडतं ते यांनी कसं ओळखलं?"

आम्ही त्याला काठावरचे उंबराचे झाड दाखविले, घरी जाऊन दगड उलटून दाखविले, आणि पुढच्या मृगात वारुळापाशी घेऊन जाण्याचे कबूल केले आहे. पाऊस अडीच महिन्यांवर आहे. या सभेतल्या ज्यांच्या गावात अजून एखादा डोह जिवंत असेल, त्यांनी तेवढ्या मुदतीत ग्रामसभेच्या कागदावर त्याचे नाव लिहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.